काड्या किती, ते त्याने सांगितलं नाही

या महिन्याच्या टपालात ऑटिझम (स्वमग्नता) आणि सिनेमा या विषयावरची तीन पत्रं निघाली. लिहिणारे एकमेकांना ओळखत नाहीत, तरी वाचताना मला एकाच घरातली माणसं बोलताहेत असं वाटत राहिलं, म्हणून तिन्ही एकत्र घेते आहे. मी 31 वर्षं विशेष शाळेत शिकवलं. पण आजच्या उत्तरांत शाळेतल्या बाईंपेक्षा बहीण जास्त बोलेल. माझा धाकटा भाऊ 52 वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, आणि आई गेल्यापासून पुण्यात माझ्याकडे असतो.

प्रश्न : ताई, माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. साडेतीन वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. मोजके शब्द बोलतो, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) आणि स्पीच थेरपी चालू आहे. घरातली माणसं प्रेमळ आहेत आणि तीच अडचण झाली आहे. सासूबाईंनी अशा मुलांवरचे दोन-तीन सिनेमे पाहिलेत. त्या म्हणतात, "देवाने एक काढून घेतलं तर दुसरं दिलेलं असतंच, तू शोधत नाहीस." सासऱ्यांनी आधी बुद्धिबळाच्या क्लासला घातलं, मग तबल्याला. दोन्हीकडून परत पाठवलं. आता कीबोर्ड आणून ठेवलाय. परवा पाहुण्यांसमोर तारीख सांगून वार ओळखायला लावत होते, तर तो कान झाकून किंचाळत सुटला. नवरा काहीच बोलत नाही. घरच्यांना 'सितारे जमीन पर' दाखवावा का? की त्याने हे आणखी वाढेल? – एक आई, इचलकरंजी

उत्तर : तुमच्या पत्राने मला 1990 सालच्या दिवाळीत नेलं. आमचं घर तेव्हा साताऱ्यात होतं. 'रेन मॅन' 1988 साली आला होता, आणि माझा मामेभाऊ मुंबईहून त्याची व्हिडिओ कॅसेट घेऊन आला. व्हीसीआर भाड्याने आणला. चटईवर बसून सगळं घर डस्टिन हॉफमनला बघत होतं. इंग्रजी निम्मं कळत नव्हतं, मामेभाऊ मधूनमधून सांगायचा. त्यात हॉटेलातल्या मुलीच्या हातून दात कोरायच्या काड्या जमिनीवर सांडतात आणि हॉफमनने केलेला ऑटिस्टिक रेमंड एका नजरेत आकडा सांगतो, 246. सिनेमा संपल्यावर मामेभावाने देवघरातली काडेपेटी आणली आणि धाकट्यासमोर फरशीवर ओतली. "सांग बघू, किती?"

धाकटा 17 वर्षांचा होता. तो खाली बसला. त्याने एकेक काडी उचलून गुलाची बाजू खिडकीकडे करत रांग लावायला सुरुवात केली. एखादी तिरकी गेली तर तिच्या पुढच्या सगळ्या परत उचलायचा. दिवाळीच्या फराळाची ताटं झाली, उष्टी निघाली, तरी त्याचं चालूच होतं. रांग पुरी झाल्यावर थोडा वेळ तिच्याकडे बघितलं आणि सगळ्या काड्या परत पेटीत भरल्या. किती होत्या, ते त्याने सांगितलं नाही. मामेभाऊ हिरमुसला. आई मात्र म्हणाली, "किती नीट लावल्यास रे." त्यानंतर दोन-तीन वर्षं घरी येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्यापुढे काहीतरी ओतायचा, नाहीतर मोठाल्या आकड्यांचे गुणाकार विचारायचा. धाकटा पाहुण्यांची चाहूल लागली की मोरीत जाऊन कडी लावू लागला. तुमचा मुलगा कान झाकून ओरडला ना, ती त्याची मोरीची कडी आहे.

मी त्या सिनेमाचं ऋणही मानते. तोवर धाकट्याच्या कागदावर 'मतिमंद' एवढंच लिहिलेलं होतं. ऑटिझम हा शब्द आमच्या घरात त्या कॅसेटमधून आला, आणि तो धरून आई त्याला घेऊन मुंबईच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचली. शब्द मिळाला आणि त्याच्याबरोबर काडेपेटीही आली.

रेमंड ज्याच्यावरून सुचला, तो माणूस खरा होता. किम पीक, अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचा. लेखक बॅरी मॉरो त्याला 1984 साली भेटले आणि त्यातून सिनेमा उभा राहिला. किमला हजारो पुस्तकं पाठ होती. तो ऑटिस्टिक नव्हता, त्याच्या मेंदूची जन्मजात घडणच वेगळी होती, असं मत पुढे तज्ज्ञांनी दिलं. मला त्याच्या गोष्टीत वेगळंच महत्त्वाचं वाटतं. किमला शर्टाची बटणं लावता येत नसत. 2009 साली तो गेला, तोवर रोजचं सगळं त्याचे वडील बघायचे. पडद्यावरच्या रेमंडला वडिलांनी संस्थेत ठेवून दिलेलं आहे. काड्या मोजणं पडद्यावर आलं आणि बटणं लावणारा बाप गाळला गेला. तुमच्या घरात बटणं लावणाऱ्या तुम्ही आहात, आणि सासूबाईंना तुम्ही दिसत नाही आहात, कारण त्यांनी पाहिलेल्या गोष्टीत ते पात्रच नव्हतं.

आपल्याकडेही तेच झालं. 'युवराज'मध्ये अनिल कपूरला संगीत दिलं, 'माय नेम इज खान'मधल्या रिझवानला कुठलंही यंत्र दुरुस्त करण्याचा हात दिला. पडद्यावरच्या अशा मुलाला घरात जागा मिळायची तर आधी काहीतरी करून दाखवावं लागतं. मी शिकवलेल्या शेकडो मुलांत असं लख्ख कसब असलेली मुलं मी एका हाताच्या बोटांवर मोजीन. बाकीच्यांना भूक लागते, झोप येत नाही, आईचा पदर लागतो. त्यांनी काय दाखवायचं?

"तू शोधत नाहीस" हे वाक्य तर मला फारच लागलं. ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन 1943 साली लिओ कॅनर यांनी 11 मुलांवरून लिहिलं आणि त्यात आईबापांच्या कोरडेपणाचा उल्लेख आला. पुढे ब्रूनो बेटलहाइम यांनी 1967 च्या पुस्तकातून आईच्या माथी दोष मारला, तो जगभर पसरला. स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलंड यांनी त्याआधीच, 1964 साली, हे खोडून काढलं होतं, पण ते आमच्यापर्यंत यायला फार उशीर झाला. 1977 साली एका मोठ्या डॉक्टरांनी माझ्या आईला विचारलं होतं, "बाळाला जवळ घेत होतात का?" मी बारा वर्षांची, शेजारी बसले होते. आईने उत्तर दिलं नाही. एसटीतून येताना ती धाकट्याला मांडीवर घेऊन बसली होती, आणि तो चार वर्षांचा, चांगला जड मुलगा होता. तेव्हा आईने नीट जवळ घेतलं नाही म्हणायचे, आता नीट शोधलं नाही म्हणतात.

आता काय करायचं ते. वार ओळखायचा खेळ आजपासून बंद, आणि हे तुमच्या नवऱ्यानेच आईवडिलांना सांगायचं. तुम्ही सांगितलंत तर सुनेचं बोलणं होतं, त्यांनी सांगितलं तर बापाचं होतं. त्यांना हे पत्र वाचून दाखवा. सासऱ्यांचा उत्साह मात्र वाया घालवू नका. ते माणूस धडपडं आहे, मुलासाठी खर्च करतंय. त्यांना शोधायलाच सांगा, पण दुसरं काहीतरी. तुमच्या गावात मागांची खडखड दिवसभर कानावर असते. नातवाला ती आवडते की तिने त्रास होतो? कुठल्या गल्लीत त्याचा हात घट्ट होतो आणि कुठे सैल पडतो? रोज संध्याकाळी एकाच वाटेने फिरायला न्या म्हणावं, आणि महिनाभर वहीत लिहा. ती वही तुमच्या ओटीच्या मॅडमना कीबोर्डापेक्षा जास्त उपयोगी पडेल. सासूबाईंना एक काम द्या, फक्त त्यांचं आणि त्याचं. मटार सोलणं, दूर्वा निवडणं, काहीही. पण रोज, त्याच वेळी, त्याच जागी.

'सितारे जमीन पर' अवश्य दाखवा. तो 'कॅम्पेओनेस' या 2018 च्या स्पॅनिश सिनेमावरून केलेला आहे. त्यात दहा खेळाडू आहेत, त्यातल्या कुणाला ऑटिझम आहे, कुणाला डाउन सिंड्रोम, आणि ती कामं त्या मुलांनीच केली आहेत. चमत्कार करणारं त्यांच्यात कुणी नाही. ती कामाला जातात, चिडतात, एकमेकांची मस्करी करतात. पाण्याला घाबरून आंघोळ टाळणारा गुड्डू बघताना सासूबाईंच्या तोंडाकडे बघा. त्यांना न्हाणीघरातली रोजची सकाळ आठवेल. माझी तक्रार एकच आहे. सिनेमा शेवटी प्रशिक्षकाचा होतो. आपण त्याच्या घरी राहतो, त्याच्या आईला ओळखायला लागतो. या दहा जणांच्या घरात मात्र आपण पुरते जात नाही. त्यांना उठवतं कोण, रात्री जागतं कोण, ते राहून जातं. ऑगस्ट 2025 पासून तो यूट्यूबवर 100 रुपयांत बघता यायला लागला, तसा घरीच बघा. थिएटरचा अंधार आणि आवाज तुमच्या मुलाला सोसेलच असं नाही. घरी तो मध्येच उठून गेला तरी चालतं.

प्रश्न : मी 27 वर्षांचा आहे. माझी ताई 31 वर्षांची, ऑटिस्टिक, बोलत नाही. 'माय नेम इज खान'मधला झाकीर, रिझवानचा धाकटा भाऊ, मी कॉलेजात असताना पाहिला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही. आई सगळी रिझवानची होते आणि झाकीर घर सोडून अमेरिकेला जातो. सगळे त्याला दगड म्हणतात. मला तो मीच वाटतो. आता माझं लग्न ठरतंय. मुलीला ताईबद्दल सांगितलंय. तिच्या घरच्यांना लग्नानंतर सांगू, असं आई म्हणते. मला हे बरोबर वाटत नाही, पण आईला दुखवायचंही नाही. – पनवेल

उत्तर : तुला अरे-तुरे करते, माझ्या धाकट्या भावंडाच्या जागी आहेस.

झाकीर दगड नाही. मला त्या सिनेमात सगळ्यात खरं कुणी वाटलं असेल तर बोरिवलीच्या त्या घरातला लहानगा झाकीर. आई रिझवानशी बोलत बसते आणि धाकट्याच्या वाट्याला तिची पाठ येते. पावणेतीन तासांच्या गोष्टीत त्याला फार थोडी जागा आहे, आणि म्हणून तो प्रेक्षकाला दुष्ट वाटतो. पण आई गेल्यावर रिझवानला अमेरिकेत बोलावून घेणारा तोच असतो. त्याच्या बायकोमुळेच रिझवानच्या वेगळेपणाला पहिल्यांदा नाव मिळतं, अस्पर्गर. (ते नाव 2013 पासून निदानाच्या अमेरिकन पुस्तकात वेगळं राहिलेलं नाही, ऑटिझमच्याच पट्ट्यात घेतलं आहे.) हे लोक विसरतात. तू विसरू नकोस.

मलाही राग यायचा. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी धाकटा हरवला होता. संध्याकाळी सापडला, स्टॅंडवर, एकाच एसटीला प्रदक्षिणा घालत. पेढे आणायचे राहिले ते राहिलेच. मी कित्येक वर्षं त्या पेढ्यांवरून मनात भांडत होते आणि त्याच वेळी त्याच्यासाठी मागचं अंगणाचं दार पुन्हा पुन्हा तपासत होते. दोन्ही एकाच माणसात मावतं. पडद्यावरच्या भावंडाला मात्र एकच काहीतरी व्हावं लागतं, पळून जाणारा नाहीतर त्यागमूर्ती.

'रेन मॅन'मध्ये एक जागा आहे, ती काड्यांपेक्षा मोठी आहे. रेमंडचा धाकटा भाऊ चार्ली, त्याला लहानपणचा एक मनातला मित्र आठवतो, गाणं म्हणणारा, 'रेन मॅन' नावाचा. खूप उशिरा त्याला उमजतं की तो मनातला नव्हता, तो रेमंड होता, आणि बोबड्या तोंडून त्याचं नाव तसं व्हायचं. त्याला घराबाहेर काढलं गेलं, ते लहानग्या चार्लीला इजा होईल या भीतीने. मी तो प्रसंग बघते तेव्हा मला चार्लीची कीव येते. त्याच्यापासून भाऊ लपवला होता.

म्हणून, लपवू नका. लग्नाआधी सांग. सांगूही नकोस, त्यांना घरी बोलाव. ताईची नेहमीची जागा, नेहमीचा चहा, नेहमीची वेळ. तिला नटवून बाहेर आणून बसवू नका, तिला हवं तर ती येईल. मुलीच्या घरच्यांनी प्रश्न विचारू देत. आनुवंशिक आहे का, हेही विचारतील. त्यासाठी डॉक्टरांकडे दोघांनी मिळून जा, तुम्हाला दोघांनाही नीट कळेल. आईला म्हण, ताईचं घर हे आपलं पहिलं घर आहे, ते झाकून दुसरं मांडायचं नाही. आई दुखावेल. पण लग्नानंतर सासरच्यांपुढे तिला खाली बघावं लागेल, ते दुखणं जास्त मोठं आहे.

आणि एक कामाचं. ताई अठरा वर्षांची झाली त्या दिवसापासून कायद्याने तुझे आईवडीलही आपोआप तिचे पालक राहिलेले नाहीत. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, जिल्हाधिकारी तिचे प्रमुख. तिच्याकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करता येतो. आईवडील धडधाकट आहेत तोवर हा अर्ज करून घ्या, आणि त्यांच्यानंतर कोण, हे घरात बसून मोठ्याने बोला. त्याच न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंतची, तीही बघा. आम्ही हे सगळं आईनंतर केलं, 2014 साली. आईच्या खात्यावर धाकट्याच्या नावचे पैसे होते आणि बँक कागद मागत होती. मी महिनोन्‌महिने फाइल घेऊन हेलपाटे घातले. त्या बाकांवर माझ्यासारखे कितीतरी होते, एकीकडे सत्तरीचा बाप, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलेला चाळिशीचा मुलगा. ते बाक अजून कुठल्या सिनेमात आलेलं मी पाहिलं नाही.

प्रश्न : मी नाशिकला नाट्यशास्त्र शिकतो. ऑटिस्टिक तरुणावर पंधरा मिनिटांची शॉर्टफिल्म करतो आहे. काम माझा मित्र करणार आहे. तो यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून हात फडफडवण्याचा, नजर चुकवण्याचा सराव करतोय. अजून काय पाहावं? – एक विद्यार्थी

उत्तर : सराव आज थांबव. हात ही सुरुवात नाही, ती शेवटची गोष्ट आहे. माझ्या भावाचे हात मिक्सर लागला की वेगळे हलतात आणि पाऊस आला की वेगळे. मिक्सर कळल्याशिवाय मित्राने हात हलवले तर ती नक्कल होईल, आणि नक्कल आमच्या गल्लीतली पोरं चांगली करायची. 1991 साली 'चौकट राजा' आला. दिलीप प्रभावळकरांचा नंदू सगळ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. त्याचं दुखणं वेगळं, लहानपणीच्या इजेने मागे राहिलेला मुलगा तो. पण साताऱ्यात धाकट्याला 'चौकट राजा' हाक पडली आणि नंदूची मान, नंदूचं बोलणं करून पोरं त्याच्यापुढे नाचायची. हे त्या थोर नटाच्या पदरी घालायचं नाही. सुलभा देशपांड्यांनी केलेली नंदूची आई बघून माझी आई थिएटरात रडली होती, स्वतःला पडद्यावर पहिल्यांदा बघून. पण लोकांनी घरी नेली ती मान. तुझ्या सिनेमातून लोक काय उचलून नेतील, याचा विचार तू आधी कर.

काम कुणी करावं? माझं मत सरळ आहे, ऑटिस्टिक माणूस शोध. शाहरुख खान, 'बर्फी'तली प्रियांका चोप्रा, 'तन्वी द ग्रेट'मधली शुभांगी दत्त, सगळ्यांनी मन लावून केलं, मी कमी लेखत नाही. पण आता 'सितारे'च्या दहा जणांनंतर 'असे कलाकार मिळत नाहीत' हे कारण उरलेलं नाही. नाशिकातही मिळतील. तालमी लहान ठेव, जागा बदलू नकोस, आणि त्याला जे करायचं नाही ते लिहिलेलं असेल तर खोड.

पाहायचं तर 'द रीझन आय जम्प' पाहा, 2020 चा माहितीपट, नाओकी हिगाशिदा या जपानी मुलाच्या पुस्तकावरचा. त्यात नोएडाची अमृत आहे, चित्रं काढणारी, आणि तिची आई. बाकीची मुलं इंग्लंड, अमेरिका, सिएरा लिओनची. तो हेडफोन लावून बघ. पंख्याची फरफर, पाण्याचे थेंब, दिव्याचा बारीक गुणगुणाट आधी येतो आणि माणूस नंतर. अमृतच्या चित्रांबद्दल तिची आई बोलते तेव्हा लक्षात येतं, मुलगी इतकी वर्षं सांगतच होती. तुझ्या पंधरा मिनिटांत मला हा आवाज ऐकायला आवडेल. तुझ्या पटकथेतला तरुण खोलीत एकटा खिडकीशी बसलेला आहे, असं तू लिहिलं आहेस. त्याला एकटा ठेवू नकोस. आमच्या घरात तो एकटा कधीच नसतो. दाराची कडी वर बसवलेली असते, शर्टाच्या मानेचं लेबल कापलेलं असतं, ठरलेला स्टीलचा पेला धुवायला पडला असेल तर कुणीतरी तो आधी धुऊन देतं. हे करणारं कुणीतरी चौकटीत राहू दे, निदान त्याचा हात.

पुण्याला येणार असशील तर आमच्याकडे ये. पत्ता संपादकांकडे ठेवला आहे. चारच्या आत ये, कारण चारला तो दोरीवरचे कपडे काढतो आणि घड्या होईपर्यंत कुणी मध्ये आलेलं त्याला खपत नाही. तुला एखादा टॉवेल पुढे केला तर कडा जुळवून घडी घाल आणि त्याच्या उजव्या हाताला ठेव. पहिल्या खेपेला कॅमेरा आणू नकोस.